रूपाखाणीचा दगड

दिवाळीच्या आधी चांदीचे ताट, वाट्या, तांब्या कपाटातून बाहेर निघतात, तेव्हा त्यांच्यावर काळसर झाक चढलेली असते. डोंबिवलीसारख्या कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या गावात ती लवकर चढते, असे आमच्या घरातील स्त्रियांचे मत आहे. आपण ‘चांदी काळी पडली’ एवढेच म्हणून चिंच किंवा रांगोळी हाती घेतो. वस्तुतः हवेतील गंधकाच्या वायूंचा चांदीशी संयोग होऊन तेथे निराळाच पदार्थ तयार झालेला असतो. भांडे घासले की तो पदार्थ जातो, आणि त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजी पातेल्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरून, कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात भांडे कागदाला टेकवून ठेवले, तर गंधक चांदीला सोडून देतो आणि चांदी जागच्या जागी राहते. व्यापारी कुटुंबात हे सांगितले की पहिला प्रश्न येतो तो वजनाचा, म्हणून हा तपशील आधीच दिला.

आपल्या ताटावरचा हा काळा थर पृथ्वीच्या पोटात खनिज म्हणूनही सापडतो. त्याला अर्जेंटाइट म्हणतात. नेहमीच्या तापमानाला स्थिर असलेल्या त्याच्या रूपाला अकॅन्थाइट असे वेगळे नाव आहे. पण संयुग तेच. शंभर भाग वजनात सत्त्याऐंशी भाग चांदी आणि उरलेला गंधक. इतके श्रीमंत खनिज दिसायला मात्र अगदी दरिद्री असते. काळे, मंद, कोळशाच्या भावंडासारखे. उलट जो दगड आरशासारखा रुपेरी चमकतो तो बहुधा शिशाचा निघतो. चांदीचा दगड चांदीसारखा दिसत असणार, ही समजूत एवढी स्वाभाविक आहे की कल्याणमधील एका सुशिक्षित, हिशेबी आणि सचोटीच्या कुटुंबात तिच्यामुळे दोन सख्ख्या भावांचे बोलणे चार महिने बंद पडले होते.

हे कुटुंब मूळचे मेवाडचे. त्यांचे आजोबा, म्हणजे घरातले दादाजी, तरुणपणी उदयपूरच्या दक्षिणेस झावर येथे धान्य-किराण्याचे दुकान चालवीत. १९४०च्या दशकात तेथील जुन्या खाणी नव्याने सुरू होत होत्या, आणि खाणीवरील मंडळींचे उधारीचे खाते दादाजींकडे असे. पुढे ते कल्याणला आले, कापडाचे दुकान काढले, मुले-नातवंडे येथेच वाढली. मी त्या भागातील शाखेत असताना दादाजींचे चिरंजीव आमचे खातेदार होते; त्यांच्या पश्चात वाटणीची वेळ आली, तेव्हा दोघा भावांनी मला बोलावले ते त्या जुन्या विश्वासापोटी. थोरले आता ठाण्यात नौपाड्याला राहतात, धाकटे कल्याणच्या जुन्या घरात.

दुकान, घर, ठेवी यांची वाटणी सुरळीत झाली होती. गाडे अडले होते ते तिजोरीतील एका दगडापाशी. जाड खादीच्या फडक्यात गुंडाळलेला तो गोळा घरात तीन पिढ्या ‘चांदीचा दगड’ म्हणून ओळखला जाई. लक्ष्मीपूजनाला तो पाटावर ठेवला जाई. वाटणीच्या कच्च्या कागदात थोरल्यांनी घरातील दोन किलो चांदीची भांडी आपल्याकडे घेतली होती आणि तो दगड धाकट्यांकडे दिला होता. दगडाचे वजन पावणेतीन किलोंहून अधिक; त्यातला मळ वजा जाता दोन किलो चांदी सहज निघेल, असा त्यांचा हिशेब. त्यात कपट नव्हते. किंबहुना आपण धाकट्याला झुकते माप देत आहोत असेच त्यांना वाटत होते. धाकट्यांनी मान डोलावली. पण त्यांच्या मुलाने दगड एका ओळखीच्या पेढीवर नेला, तेथील क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवला, आणि यंत्राने ‘चांदी ११ टक्के’ अशी चिठ्ठी छापून दिली. अकरा टक्के म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमही नाही. चिठ्ठी ठाण्याला गेली आणि थोरले संतापले. “दादाजी खोटे बोलत होते का?” हा त्यांचा प्रश्न. पुतण्याने यंत्राला विचारले, काकाला विचारले नाही, हे दुःख त्यामागे होते.

बँकेत सोनेतारणाचे काम मी अनेक वर्षे पाहिले. त्या कामाने एक सवय लावली. वस्तूपाठोपाठ येणारी हकीकत आदराने ऐकायची, पण कर्जाची रक्कम तिच्यावरून ठरवायची नाही. ती कसोटीच्या दगडावरून ठरवायची. मात्र आमचा सराफ मूल्यमापक दागिना कसाला लावी. खनिज हा माझ्या वाणिज्य शाखेच्या शिक्षणाबाहेरचा विषय. म्हणून ठाण्यातील माझ्या एका स्नेह्यांना, भूविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकांना, मी सोबत घेतले. गंमत अशी की मराठीत खनिजाच्या चूर्णाच्या रंगालाही ‘कस’ असेच म्हणतात, आणि तो पाहण्याची रीतही सराफाचीच.

प्रथम वजन. स्वयंपाकघरातील विजेच्या काट्यावर दगड २ किलो ८८० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून, दगड दोरीने पाण्यात बुडता पण तळाला न टेकता धरला. काट्यावरील आकडा ४०० ग्रॅमनी वाढला. म्हणजे दगडाने तेवढे पाणी बाजूला सारले. २८८० भागिले ४००, उत्तर ७.२. आपल्या पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण पाण्याच्या जेमतेम तिप्पट जड असतो. हा सातपटीहून जड. निव्वळ चांदी साडेदहापट जड असते. म्हणून ही धातुरूप चांदी नव्हे, हे तेथेच ठरले. थोरल्यांचा चेहरा उतरला. पण प्राध्यापकांनी घाई केली नाही. शिशाचे खनिज गॅलेना शुद्ध असता साडेसातपट जड असते, आणि अर्जेंटाइट ७.२ ते ७.४ पट. दगडात तर पांढुरक्या डोलोमाइटचे पट्टे होते; ते हलके असल्याने गॅलेनाही ७.२ पर्यंत उतरू शकते. म्हणजे नुसत्या वजनावरून दोघांत निवड करता येत नव्हती.

आणि फरक केवढा होता पाहा. चांदीचा भाव हिशेबापुरता किलोला एक लाख रुपये धरू. हा दगड अर्जेंटाइटचा असता, तर पांढरे पट्टे सोडूनही त्यात सुमारे अडीच किलो चांदी निघाली असती, अडीच लाखांची. तो गॅलेना असून त्यात टनामागे एक हजार ग्रॅम चांदी असती, आणि खाणीच्या दृष्टीने ते उत्तम प्रमाण झाले, तरी या दगडात चांदी निघणार २.८८ ग्रॅम. किंमत २८८ रुपये. एकाच वजनाच्या, जवळजवळ एकाच घनतेच्या दोन दगडांत अडीच लाख आणि पावणेतीनशे एवढे अंतर.

निर्णय दगडाने दिला नाही, फडक्याने दिला. दगड बाजूला ठेवून प्राध्यापकांनी खादीचे फडके खिडकीपाशी उलगडले. इतक्या वर्षांच्या हाताळणीत झडलेला चुरा त्याच्या घड्यांत साठला होता. भिंगाखाली पाहिले तर त्या चुऱ्याचा प्रत्येक कण चौकोनी! लहान-मोठे घन, काटकोनात तुटलेले, प्रत्येक बाजू आरशासारखी. गॅलेना असेच तुटते. कुठेही फोडा, त्याचे घनच पडतात. या गुणाला पाटन म्हणतात. अर्जेंटाइट असे तुटत नाही. ते शिशासारखे मऊ व चिवट असते, सुरीने मेणासारखे कापता येते, हातोडीखाली चपटे होते. धाकट्यांच्या मुलाने एक कण सुरीखाली धरून पाहिला. कण कापला न जाता चुरला. शेवटी बिनचकाकीच्या कपच्यावर, म्हणजे फरशीच्या मागच्या अंगावर, एक तुकडा घासला. करडी रेघ उमटली, पेन्सिलीसारखी. गॅलेनाचा कस.

थोरल्यांनी मग रास्त प्रश्न विचारला : “गॅलेना असेल, पण झावरच्या गॅलेनात चांदी नाही का?” आहे. जगातील बहुतांश चांदी आज शुद्ध चांदीच्या खाणींतून येतच नाही. शिसे, जस्त, तांबे यांच्या खनिजांबरोबर ती पाहुणीसारखी येते. आपल्या देशातील चांदी तर मुख्यतः राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींतून निघते : रामपुरा आगूचा, सिंदेसर खुर्द आणि झावर. हिंदुस्थान झिंक ही कंपनी वर्षाला ७०० टनांच्या आसपास चांदी काढते. तिचे शुद्धीकरण उत्तराखंडात पंतनगरला होते. पण गॅलेनातील चांदी डोळ्यांना दिसत नाही. ती शिशाच्या स्फटिकात अणुरूपाने विखुरलेली असते, किंवा इतर खनिजांच्या सूक्ष्म कणांत दडलेली. अधिक चमक म्हणजे अधिक चांदी, असा काही नियम नाही. किती आहे हे भट्टी सांगते.

पेढीवरील यंत्राबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण आता ठाणे-कल्याणच्या बहुतेक मोठ्या पेढ्यांत ते असते आणि ग्राहक त्याच्या चिठ्ठीला न्यायालयाचा निकाल मानतो. ते यंत्र सोन्या-चांदीच्या मिश्रधातूंसाठी जुळवलेले असते. दागिन्याच्या बाबतीत ते आपले काम चोख करते. पण गंधक, शिसे आणि दगड यांनी बनलेली वस्तू त्याच्यापुढे ठेवली, तर ते आपल्या ओळखीच्या धातूंतच शंभर टक्क्यांची बेरीज जुळवण्याचा प्रयत्न करते. शिवाय त्याची नजर पृष्ठभागापुरती. कापडाच्या गजाने दूध मोजल्यासारखे ते झाले. गज खोटा नव्हे.

फडक्यातला चुरा चाळीसेक ग्रॅम भरला. दादाजींचा दगड फोडायला थोरले तयार नव्हते, आणि आता गरजही नव्हती. चमकदार आणि पांढुरके असे दोन्ही कण वेचून प्राध्यापकांनी पुडी बांधली, आणि ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत अग्निपरीक्षेसाठी गेली. ‘अग्निपरीक्षा’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. पद्धतीचेच ते नाव. खनिजाची पूड शिशाची भस्मे आणि सोडा यांच्यासह मुशीत वितळवतात. वितळलेले शिसे चांदी गोळा करून तळाशी गुंडीसारखे बसते. ती गुंडी राखेच्या सच्छिद्र वाटीत पुन्हा तापवली की शिसे हवेशी संयोग पावून वाटीत जिरते, आणि शेवटी वाटीच्या मध्यावर चांदीचा एक चकाकता थेंब उरतो. तो तोलायचा.

या पद्धतीशी आपल्या समाजाचे जुने नाते आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत ठक्कर फेरू नावाचे श्रीमाळ जैन गृहस्थ होते. अलाउद्दीन खिलजीच्या दरबारी त्यांनी काम केले, टांकसाळीचा व्यवहार जवळून पाहिला. १३१५ मध्ये त्यांनी रत्नांच्या पारखीवर ‘रत्नपरीक्षा’ लिहिली आणि १३१८ मध्ये नाण्यांच्या पारखीवर ‘द्रव्यपरीक्षा’. या दुसऱ्या ग्रंथात धातू शुद्ध करण्याच्या रीती आहेत आणि निरनिराळ्या राज्यांच्या अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांत चांदी किती, सोने किती, याची नोंद आहे. विद्वत्तेचा डौल नाही. सराफाच्या गादीवर उपयोगी पडावे म्हणून केलेले ते लेखन आहे, तेही प्राकृतात. शतकानुशतके ही पोथी विस्मृतीत होती. अगरचंद व भंवरलाल नाहटा यांनी कलकत्त्यातील संग्रहातून ती उजेडात आणली. आपल्याकडे ग्रंथभांडारांचा अभिमान पुष्कळ आहे. वाणिज्य शिकवणाऱ्या किती महाविद्यालयांत या ग्रंथाचे नाव तरी घेतले जाते?

झावरची कीर्तीही जुनी. महाराणा लाखाच्या काळात तेथे चांदीची खाण सापडल्याचे कर्नल टॉडने लिहून ठेवले आहे. जस्त ऊर्ध्वपातनाने मिळवण्याचा उद्योग युरोपात सुरू होण्यापूर्वी कित्येक शतके झावरला चालत होता. मातीच्या मुशींचे ढीग तेथे अजून आहेत, आणि त्यांच्या शेजारी जुन्या जैन मंदिरांचे भग्नावशेष. खाणीभोवती व्यापारी वसत होते, हे त्यांवरून कळते. दादाजी त्या परंपरेतलेच एक.

प्रयोगशाळेचा कागद तीन आठवड्यांनी आला. शिसे ७८ टक्के. चांदी टनामागे ६४० ग्रॅम. म्हणजे २ किलो ८८० ग्रॅमच्या त्या दगडात चांदी १.८४ ग्रॅम, आमच्या धरलेल्या भावाने १८४ रुपये. शिसे सव्वादोन किलो. किलोला १८० रुपये धरले तर चारशे रुपयांच्या घरात. चांदीच्या दगडात चांदीपेक्षा शिशाचीच किंमत जास्त! आणि तीही कागदावरची, कारण एका दगडाचे शिसे काढून देणारा कारखाना कुठे नाही. परीक्षेची फी दोन्हींच्या बेरजेहून मोठी होती.

धाकट्यांच्या एका मित्राने आपल्या भट्टीत दगड वितळवून ‘बघू तरी’ असे सुचवले होते. हे कोणीही, कधीही करू नये. गॅलेना तापले की गंधकाचा गुदमरवणारा वायू निघतो आणि शिशाची विषारी वाफ घरभर पसरते. याच खनिजाची पूड बाजारातल्या काही सुरम्यांत आढळली आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत तो घातला की शिसे शरीरात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. दगड बरणीत ठेवला तर निरुपद्रवी आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. लक्ष्मीपूजनात तो पाटावर असे आणि नातवंडे त्याला हात लावून मग प्रसाद घेत, हे ऐकून मी धाकट्यांच्या सौभाग्यवतींना ही गोष्ट प्रथम सांगितली, वाटणीचे नंतर.

वाटणीचा गुंता सुटला तो वहीमुळे. थोरल्यांचा आक्षेप प्रयोगशाळेवर नव्हताच. तो दादाजींच्या शब्दाबद्दल होता. म्हणून मी म्हटले, दादाजींचा शब्द वहीतच असेल, तर वही पाहू या. लाल कापडाची ती वही महाजनी लिपीत आहे. त्या लिपीत काना-मात्रा बहुधा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने संदर्भाने भरून घ्यायच्या. घरात ती वाचणारे कोणी उरले नव्हते. कल्याणच्याच एका वयोवृद्ध मुनीमजींनी ती वाचून दाखवली. घरात ‘रूपाचा दगड’ म्हणून सांगितली गेलेली ओळ प्रत्यक्षात ‘रूपाखाणीचा दगड’ अशी होती. चांदीच्या खाणीतला दगड. खाणीवरच्या एका मुकादमाने निरोप घेताना दिलेली भेट म्हणून ती नोंदलेली होती. मला मात्र त्या शब्दापेक्षा रकाने बोलके वाटले. त्याच पानावर घरातील प्रत्येक जिनसेपुढे तोळ्यांत वजन आणि रुपयांत मोल मांडले होते : कडे, ताट, तांब्या, अगदी चांदीचे बटणही. दगडापुढे ‘नग १’ एवढेच. वजन नाही, मोल नाही. जो माणूस बटणाचा हिशेब ठेवतो, तो दोन किलो चांदी विनामोल लिहील काय? दादाजींना तो दगड काय आहे ते पक्के ठाऊक होते. खोटे कोणी बोलले नव्हते. मुलांनी चमक पाहिली आणि नातवंडांनी नाव ऐकले.

थोरले बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग पुतण्याला हाक मारून म्हणाले, “काटा आण.” दोन किलोंची भांडी त्या दिवशी तेथेच तोलून निम्मी-निम्मी झाली. एक तांब्या जास्त येत होता. तो थोरल्यांनी धाकट्यांच्या सुनेला दिला आणि त्याबद्दल कागदात काही लिहू दिले नाही.

दगडाच्या किमतीची आणखी एक बाजू प्राध्यापकांनी त्या दिवशी चहा घेताना सांगितली. खनिजांचे संग्राहक जगभर आहेत, आणि ते धातूची नव्हे तर स्फटिकाच्या रूपाची, अखंडपणाची आणि मूळ ठिकाणाच्या खात्रीची किंमत देतात. फुटका, घोटीव गोळा त्यांच्या उपयोगाचा नाही. पण आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण, ज्यात चांदी-शिशाची खाण शोधून सापडायची नाही, तोच या बाजारात नावाजलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूंनी सोडलेल्या पोकळ्यांत पुढे जे स्फटिक वाढले, ते अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखे नमुने जळगाव-नाशिककडून परदेशी प्रदर्शनांत जातात. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगप्रसिद्ध आहे. त्यांच्यात एक ग्रॅमही मौल्यवान धातू नाही. ठाणे-कल्याणच्या डोंगरांतील खाणींतून अशा पोकळ्या वर्षानुवर्षे खडी होऊन रस्त्यांत गेल्या असतील, असे म्हणून प्राध्यापक हळहळले. आम्ही बाकीचे तेव्हा शिशाच्या भावाचा हिशेब करीत होतो.

दगड आता ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात, काचेच्या कपाटात आहे. दोघा भावांनी मिळून तो दिला. चिठ्ठीवर काय लिहावे याबद्दल थोरल्यांनी मला दोनदा दूरध्वनी केला. ‘झावर’ हे नाव नीट लिहिले आहे ना, याची त्यांना खात्री हवी होती. गेल्या महिन्यात मी जाऊन पाहिले. नीट लिहिले आहे : ‘गॅलेना, डोलोमाइटसह. झावर, जिल्हा उदयपूर. नग १.’